दोन महायुद्धांमधील व्यावसायिक सायकलपटू : ओत्ताव्हिओ बोतेक्किया यांच्या कारकिर्दीचे स्वरूप

प्रस्तावना

क्रीडापटूच्या यशाचे मूल्यमापन बहुधा विजेतेपदांच्या संख्येवरून केले जाते. परंतु जेथे खेळ हेच उपजीविकेचे साधन असते, तेथे त्याची कारकीर्द श्रमाचा इतिहास म्हणूनही अभ्यासणे आवश्यक ठरते. ‘टूर डी फ्रान्स’ जिंकणारे पहिले इटालियन सायकलपटू ओत्ताव्हिओ बोतेक्किया (१८९४-१९२७) यांचे जीवन या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

गवंडीकामाकडून शर्यतीकडे

उत्तर इटलीतील व्हेनेतो प्रांतात एका गरीब, मोठ्या कुटुंबात बोतेक्किया यांचा जन्म झाला. प्रारंभी ते गवंडीकाम करीत. पहिल्या महायुद्धात त्यांनी बेर्साल्येरी या पायदळाच्या सायकलस्वार तुकडीत सेवा बजावली. युद्धोत्तर काळात सायकल हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. १९२३ च्या इटलीच्या राष्ट्रीय शर्यतीत, म्हणजे ‘जिरो’मध्ये, कोणत्याही संघाचा आधार नसताना त्यांनी पाचवा क्रमांक मिळविला. त्यामुळे ‘ऑतोमोतो’ या फ्रेंच सायकल कंपनीने त्यांना आपल्या संघात घेतले. त्याच वर्षी फ्रान्समधील शर्यतीत ते संघनायक आँरी पेलिसिए यांच्या पाठोपाठ दुसरे आले.

शर्यतीचे अर्थकारण आणि श्रम

‘टूर डी फ्रान्स’ ही ‘लोतो’ या क्रीडादैनिकाची शर्यत होती. दैनिकाला खप हवा होता, सायकल कंपन्यांना जाहिरात हवी होती. या दोन्ही गरजा सायकलपटूच्या श्रमावर भागत होत्या. १९२४ ची शर्यत अवघ्या १५ टप्प्यांत ५,४२५ किलोमीटरची होती. बायोन ते ल्यूशाँ हा ३२६ किलोमीटरचा टप्पा पिरेनीज पर्वतातील ओबिस्क, तुरमाले, आस्पाँ व पेरसूर्द हे चार घाट ओलांडून जात असे. चालू सायकलवर गिअर बदलण्याच्या यंत्रणेस या शर्यतीत १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. चढ लागला की उतरून मागचे चाक उलटे बसवावे लागे.

या शर्यतीच्या तिसऱ्या टप्प्यात आँरी व फ्रान्सिस पेलिसिए या बंधूंनी अंगावरील जर्सीसंबंधीच्या जाचक नियमाचा निषेध म्हणून माघार घेतली. कुतांस येथे त्यांनी पत्रकार आल्बेर लोंद्र यांच्यासमोर आपल्या हालअपेष्टा मांडल्या आणि शरीर चालते ठेवण्यासाठी घ्यावी लागणारी औषधेही दाखविली. बोतेक्किया मात्र पहिल्या टप्प्यापासून अखेरपर्यंत पिवळी जर्सी राखून विजयी झाले. एकाच घटनेत निषेध आणि सहनशीलता या श्रमिकाच्या दोन्ही प्रतिक्रिया येथे एकत्र दिसतात.

उत्कर्ष आणि अखेर

१९२५ मध्ये बोतेक्किया यांनी पुन्हा विजेतेपद मिळविले. दुसरे आलेले ल्युसियाँ ब्यूस हे त्यांचेच संघसहकारी होते आणि शर्यतीत त्यांनी बोतेक्किया यांना साहाय्य केले होते. हे वैयक्तिक यश सहकाऱ्याच्या श्रमावरही उभे होते. १९२६ मध्ये वादळी पावसात झालेल्या बायोन-ल्यूशाँ टप्प्यावर बोतेक्किया यांनी शर्यत सोडली. त्या वर्षी विजय ब्यूस यांना मिळाला. ३ जून १९२७ रोजी सरावास निघालेले बोतेक्किया पेओनिस गावाजवळ रस्त्याकडेला गंभीर जखमी अवस्थेत आढळले व काही दिवसांनी त्यांचे निधन झाले. अपघात की घातपात, हा प्रश्न आजतागायत अनिर्णित आहे. त्यांच्या नावाच्या सायकली मात्र पुढेही विकल्या जात राहिल्या.

समारोप

१९३० पासून शर्यतीचे संचालक आँरी देग्रांज यांनी कंपन्यांच्या संघांऐवजी राष्ट्रीय संघ आणले व स्पर्धकांना एकसारख्या, नाममुद्राविरहित सायकली दिल्या. त्यामुळे शर्यतीवरील कंपन्यांचा प्रभाव घटला. परंतु रस्त्यावरील कष्ट सायकलपटूच्याच वाट्याला राहिले. बोतेक्किया यांना गवंडीकामातून सुटका हवी होती. सायकलीने त्यांना कीर्ती आणि पैसा दिला, तरी शरीर झिजवून पोट भरण्याचा नियम बदलला नाही. म्हणूनच त्यांची कारकीर्द क्रीडेतिहासाइतकीच श्रमेतिहासाचाही विषय ठरते.