असं का? : चकती किती ताठ?

डिस्क गोल्फची एकच चकती गारठ्यात कडक आणि उन्हात मऊ का लागते? प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू गुंतलेल्या दोऱ्यांसारखे असतात. ऊब मिळाली की ते एकमेकांवरून सरकतात, थंडीत अडकून बसतात.

चकतीचा हा ताठपणा घरी मोजायला वजनकाटा पुरे. चकती काट्यावर कडेवर उभी धरा, वरची कड तळव्याने सावकाश दाबा. आकडा चढत जातो आणि एका क्षणी चकती मधोमध दुमडू लागते. तो आकडा टिपा. अमेरिकेतल्या ‘पीडीजीए’ या डिस्क गोल्फ संघटनेच्या नियमांत ताठपणाची मर्यादा १२.३६ किलो आहे. त्यांच्या यंत्रापुढे आपला काटा ढोबळच, पण दोन चकत्यांची तुलना छान होते. मात्र दोन्ही आदल्या रात्रीपासून एकाच खोलीत हव्यात. नाहीतर गाडीच्या तापलेल्या डिकीतली उगाच मऊ ठरायची.