‘मुंबई’ विनाशिकेची सेवा

धामणगांव रेल्वेपासून समुद्र दूर खरा. परंतु येथील लोहमार्ग ज्या मुंबईस पोंचतो, तेथील माझगांव गोदींत बांधलेल्या एका युद्धनौकेची हकीकत, ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा वाचकांनीं तरी अवश्य जाणावी असें आम्हांस वाटतें.

‘मुंबई’ ही १६३ मीटर लांबीची विनाशिका २२ जानेवारी २००१ रोजीं आरमारांत दाखल झाली. क्षेपणास्त्रें, तोफा, पाणतीर असा तिचा सरंजाम आहे. तथापि तिचें नांव झालें तें माणसें वांचविण्यानें.

२००६ सालीं लेबनॉनवर बाँबवर्षाव होऊन बैरुतचा विमानतळ बंद पडला. तेव्हां ‘मुंबई’ व तिच्या सोबतीच्या नौकांनीं २,२८० माणसें सायप्रसला पोंचविलीं. त्यांत १,७६४ भारतीय होते, इतरांत श्रीलंका व नेपाळ येथील लोकही होते. २०१५ सालीं येमेनमधें युद्ध पेटलें. एडन बंदरांत तोफांचा मारा चालू असल्यामुळें ‘मुंबई’ बाहेरच उभी राहिली, व लहान होड्यांतून लोक तिजवर आणिले गेले. जलमार्गानें व विमानांनीं मिळून त्या मोहिमेंत ४,६४० भारतीय व ४१ देशांचे ९६० परकीय सुटले.

शस्त्रांवरील खर्च व्यर्थ म्हणणारांनीं हे आंकडे पाहावे. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच सूचना कीं, परदेशीं जाणाऱ्या मुलामुलींस तेथील भारतीय वकिलातींत नांव नोंदविण्यास सांगावें. नौका आली तरी यादीवांचून ती कोणास हांक मारणार?