दुबईत चालायचा आपला रुपया

रुपया घसरला की आपण आखातातली मंडळी खूश होतो. घरी चार पैसे जास्त जातात ना! पण एके काळी दुबईच्या बाजारात रुपयाच चालायचा. चोरट्या सोन्यापायी भारताचं परकीय चलन जाऊ लागलं, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. दहाची नोट लाल, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर. ६ जून १९६६ रोजी रुपयाचं ३६.५ टक्के अवमूल्यन झालं आणि इथल्या लोकांची रुपयातली पुंजी रातोरात हलकी झाली. कुवेत, बहारीनने आधीच स्वतःचं चलन आणलं होतं. आता दुबई, कतारनेही रुपया सोडला. १९७३ मध्ये दिरहम आला. त्याच्या नाण्यावरची कॉफीची किटली, ‘दल्ला’, आज आपल्या खिशात खुळखुळते.