मूल होत नसेल तर तपासणी दोघांची

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की बोट दाखवले जाते ते सुनेकडे. तिलाच डॉक्टरकडे नेतात, तिलाच शेजारणींचे टोमणे. नवऱ्याला कोणी काही विचारीत नाही. पण शेतात उगवण झाली नाही तर आपण नुसत्या जमिनीला दोष देतो का? ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून बियाणेही तपासतोच ना? शिवाय मूल होण्यास बीज दोघांचेही लागते.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण आढळते. अंगात ताकद आहे, संसार नीट चालला आहे, म्हणून वीर्यात पुरेसे शुक्रजंतू असतीलच असे नाही. ते तपासणीनेच कळते.

एक वर्ष एकत्र राहून दिवस गेले नाहीत तर दोघांनी मिळून डॉक्टरकडे जावे. पत्नीचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. पाळी अनियमित असेल, पूर्वी टीबी झाला असेल किंवा गालगुंडाच्या वेळी नवऱ्याचे वृषण सुजले असेल, तर थांबूच नये.

आरंभ वीर्यतपासणीने करावा. ती कमी खर्चाची आहे व तिने दुखत नाही. त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध टाळावा. निकाल वाईट आला तर ती पुन्हा एकदा करून घ्यावी. पत्नीचे बीजांड, थायरॉईड व गर्भनलिका तपासतात. आपल्या देशात गर्भनलिका बंद होण्याचे एक मोठे कारण टीबी आहे, आणि तो खोकला नसतानाही असू शकतो.

बीजांड पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी सुटते. तो दिवस व त्याआधीचे 5 दिवस गर्भधारणेचे. त्या वेळी स्राव अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा, तार धरणारा होतो. नैसर्गिक कुटुंबनियोजन शिकलेल्यांना ही खूण ठाऊक असेल; मूल हवे असतानाही ती तितकीच उपयोगी आहे.

शेतकरी बंधूंनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना मुले होत नसल्याचे लक्षात आले. तपासले तेव्हा कित्येकांच्या वीर्यात शुक्रजंतू फार थोडे होते, काहींच्या मुळीच नव्हते. 1979 मध्ये अमेरिकेने त्या औषधाचा जवळजवळ सर्व वापर थांबविला. प्रत्येक औषध असे नसते. तरी फवारताना हातमोजे व तोंडाला मास्क हवा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, घरी येताच साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

तंबाखू, गुटखा, विडी व दारू सोडावी. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून आज व्यसन सोडले तर फरक दिसण्यास तीन महिने धीर धरावा.

अनेक कारणांवर औषध किंवा छोटी शस्त्रक्रिया आहे. काही जोडप्यांना उपचारानंतरही मूल होत नाही. त्यांना कायदेशीर दत्तकाचा मार्ग मोकळा आहे. निदान काहीही निघो, सासू-सासऱ्यांनी कोणाला बोल लावू नये. मुलाला मात्र आवर्जून सांगावे, "बाबा, तिच्याबरोबर तूही जा."