काटा मध्यावर आला की किक

सिंदेवाहीच्या एका अंगाला मूल, दुसऱ्या अंगाला नागभीड. दोन्हीकडे धानाच्या बांध्या संपल्या की साग-बांबूचे रान थेट रस्त्याला भिडते. हा ब्रह्मपुरी वनविभाग, वाघांच्या रोजच्या वावराचा. एमजीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार या भागात दिसणे कठीण. पण तिच्याच जातकुळीची, ओतीव लोखंडी इंजिनाची आणि उजव्या पायाने गीअर टाकायची जुनी बुलेट इथल्या रस्त्याला परकी नाही. अशा यंत्राचा आनंद वेगात नसतो, आणि म्हणूनच तो इथे पुरेपूर मिळतो.

इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डने बुलेट हे नाव १९३२ मध्ये दिले. १९५५ पासून मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. पुढे मूळ ब्रिटिश कंपनी बंद पडली, मद्रासचा कारखाना मात्र चालत राहिला. खरे आकर्षण इंजिनात आहे. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ९०. युद्धानंतरच्या एमजी टीसीच्या दट्ट्याची धावही नेमकी ९० मिलिमीटरच होती. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे कमी फेऱ्यांतही ओढ टिकते. ताशी चाळीस-पन्नासला वरच्या गीअरमध्ये ती कुरकुर न करता चालते, एकेक ठोका वेगळा ऐकू येतो. जनावर केव्हा आडवे येईल याचा नेम नसलेल्या रस्त्यावर हाच वेग शहाणपणाचा.

ती सुरू करणे हेच एक कसब आहे. चावी फिरवून किक हलकेच दाबत जायचे आणि हेडलाइटच्या वरचा अँमीटर पाहायचा. ठिणगीचे पॉइंट मिटलेले असताना काटा वजेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. तिथे सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डीकम्प्रेसरची छोटी दांडी ओढून दट्ट्या माथ्याच्या जरा पलीकडे न्यायचा, दांडी सोडायची, किक वर घ्यायची आणि पूर्ण वजनानिशी एकच मारायची. घाई केली तर किक उलटून घोट्यावर येते. नव्या गाडीचे बटण हे सारे चालकाच्या नकळत उरकते. सोय मोठीच, पण इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते या काट्याइतके स्वच्छ कोणीच सांगत नाही.

हा आनंद जंगलाच्या जिवावर आहे, हा आक्षेप रास्त आहे. सायलेन्सर फोडून केलेल्या आवाजाला जंगलात जागा नाही आणि रात्रीची हौस तर नकोच. मूळ सायलेन्सर, दिवसाचा उजेड आणि कमी वेग, एवढ्यावरच हे समर्थन उभे आहे. दुसरी अडचण इंधनाची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते जुने रबर फुगवते आणि ओलावा धरून टाकीला गंज आणते, म्हणून नळ्या-वायसर बदलावेच लागतात. तिसरी कायद्याची. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. चालवण्यातच जिचे मोल, तिला असे दालनात बसवणे मला पटत नाही. मात्र सर्वांत मोठी काळजी पायांची आहे. हिच्यात गीअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. आजच्या गाड्यांत नेमके उलट. समोर चितळ उडी मारते तेव्हा पाय सवयीने चालतो आणि ब्रेकऐवजी गीअर दाबला जातो. घरात दोन्ही गाड्या असतील, तर जुनीवर आधी गावातल्या मोकळ्या रस्त्यावर हात बसवावा आणि मगच मूलच्या वाटेला लागावे.