पोथी तीच, पान दुसरे

"भाऊजी, त्या वेळी सगळे काढले म्हणून सांगितले होते ना? मग हे आता मणक्यात कोठून आले?"

गेल्या श्रावणात बिरड्याचे वाल सोलीत बसल्या असता वहिनींनी मला हा प्रश्न टाकला. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनातील गाठ काढली होती. औषधे झाली, केस गेले नि परत आले, आणि आम्ही मंडळी तो विषय विसरूनही गेलो. मी काही डॉक्टर नव्हे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, इतकेच. पण घरात शास्त्र शिकलेला मी एकटा! तेव्हा दोन महिने वाचन केले, ओळखीच्या डॉक्टरांना छळले आणि उत्तर जमवले.

प्रथम एक गोष्ट. मणक्यात आलेला हा रोग हाडांचा कर्करोग नव्हे. त्या पेशी स्तनातल्याच. शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांतल्या काही रक्तातून निसटल्या असणार आणि हाडात वर्षानुवर्षे निजून राहिल्या असणार. दिसली ती गाठ डॉक्टरांनी पुरती काढली होती. ते खोटे बोलले नव्हते.

पण पेशीला घर सोडून जाण्याची बुद्धी होते कशी? माझी समजूत अशी की, जनुकांची अक्षरे आणखी बिघडत असतील. रोगाचा आरंभ बहुधा अशा अक्षरदोषांनी होतो, हे खरेच. परंतु 2017 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी स्वादुपिंडाच्या कर्करोगाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मृत रुग्णांची मूळ गाठ आणि यकृत-फुफ्फुसांत पसरलेल्या गाठी त्यांनी ताडून पाहिल्या. पसरण्यासाठी म्हणून झालेली खास नवी अक्षरचूक त्यांना सापडली नाही. बदलली होती ती डीएनएची बांधणी!

म्हणजे काय, ते वहिनींना समजावण्यासाठी मी त्यांच्याच शिवणयंत्राचे रीळ हाती घेतले. एका पेशीतला डीएनएचा धागा सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या चिमुकल्या रिळांवर गुंडाळलेला असतो. डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशीत पोथी एकच. परंतु जेथे धागा घट्ट आवळलेला, तेथले पान वाचता येत नाही, आणि सैल असेल तेथले वाचले जाते. शिवाय अक्षरांवर मिथाइलच्या बारीक खुणा बसतात. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढासा तो जीव. पण अशा खुणा दाट बसल्या की पान सहसा मिटते. या साऱ्या कारभाराच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हे नाव वॅडिंग्टन या शास्त्रज्ञाने 1942 मध्ये दिले.

वहिनी निवृत्त मराठी शिक्षिका. त्या म्हणाल्या, "म्हणजे शुद्धलेखनाची चूक नव्हे, वाचनाची!"

अगदी तसेच. ई-कॅडहेरिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या योगाने शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचे हात धरून राहतात. कर्करोगाच्या काही पेशींत हे पान मिटते आणि हात सुटतात. त्याच वेळी एक जुने पान उघडते, ते थेट गर्भावस्थेतले! गर्भाच्या पाठीकडून निघालेल्या काही पेशी प्रवास करीत जाऊन चेहऱ्याची हाडे आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी घडवतात. एरवी मिटून ठेवलेली ती प्रवासाची विद्या कर्कपेशी चोरून वाचते. आणि मला खरे नवल वाटले ते पुढेच. परक्या ठिकाणी पोचल्यावर यांतल्या पुष्कळ पेशी ई-कॅडहेरिनचे पान पुन्हा उघडतात आणि बिऱ्हाड थाटतात. अक्षरेच पुसली गेली असती, तर हे साधले नसते.

बिऱ्हाडाची जागाही वाटेल ती नसते. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी चाळल्या. यकृतात रोग वारंवार, प्लीहेत क्वचित! बी चहूकडे उडते, पण मानवेल त्या जमिनीतच रुजते, असे त्यांनी मांडले.

"आणि माझ्या मुलीचे काय?" वहिनींचा खरा प्रश्न हा होता. वाल सोलायचे थांबले होते. काही घराण्यांत अक्षरदोष पिढीजात येतो. त्याचे प्रमाण थोडे, आणि त्याची तपासणी करता येते. मात्र गाठीत बसलेल्या या खुणा गाठीपुरत्याच. आईच्या गाठीतून त्या लेकीकडे जात नाहीत. हे मी त्यांना दोनदा सांगितले.

मिटलेली पाने उघडता येतात का? मिथाइलच्या खुणा कमी करणारे अझासिटिडीन हे औषध 2004 साली अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी मान्य झाले. पण ते नेमके एकच पान उघडत नाही; कोठलीही उघडते. स्तनासारख्या घट्ट गाठींत अशा औषधांना तितके यश आलेले नाही. वहिनींपुढे आशेचा फुगा फुगवणे मला पटेना, तेव्हा हेही सांगून टाकले.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग रीळ माझ्या हातून घेऊन म्हणाल्या, "पुढची तपासणी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे. तुम्ही बरोबर चला. हे सारे एका कागदावर लिहून आणा, आणि अक्षर जरा सुवाच्य काढा."