गाव नसलेला माणूस

गुंडांचे चित्रपट घरच्या मंडळींसह पाहावेत काय, असे पालक मला विचारतात. राम गोपाल वर्मांचा १९९८ सालचा ‘सत्या’ अवश्य पाहावा, असे मी सांगतो. मात्र मुले जाणती असावीत.

सत्या मुंबईत येतो तो एकटाच. गाव कोणते, आईबाप कोण, अखेरपर्यंत कळत नाही. आमची पूर्णा जंक्शनची. गाडीतून उतरलेल्या तिऱ्हाइताला पहिला प्रश्न, ‘कुठले म्हणायचे पाव्हणे?’ त्या उत्तरावर आपण माणूस जोखून मोकळे होतो. येथे उत्तरच नाही. दारिद्र्याने बिघडला म्हणून कीव करावी, की जात्याच दुष्ट म्हणून झिडकारावा? सौरभ शुक्ला व अनुराग कश्यप हे लेखकद्वय दोन्ही वाटा बंद करते.

उलट भिकू म्हात्रे! त्याला बायको आहे, मुले आहेत, घरात कडाक्याची भांडणे आहेत. मनोज बाजपेयींनी तो असा रंगवला आहे की, हा खुनी आहे हेच आपण विसरतो. आणि सत्या? पोलिसांनी थिएटरची दारे बंद केल्यावर निसटण्यासाठी तो गोळी झाडतो; चेंगराचेंगरीत निरपराध माणसे तुडवली जातात. तो सुटला म्हणून सुस्कारा टाकणारे आपणच असतो!

माझ्या वर्गातली मुले भिकूची ऐट हुबेहूब वठवतात. त्याचा शेवट मात्र कोणी करून दाखवीत नाही. निवडणूक जिंकलेला भाऊच त्याला गोळी घालतो, आणि तेही इतक्या झटपट की प्रेक्षकाला हळहळायलाही सवड मिळत नाही.